‘बाकी तंत्राचा भाग’ म्हणजे नक्की काय?

माझ्याकडे संध्याकाळी बुद्धिबळ शिकायला येणारी मुलं कारो-कान बचावाच्या पहिल्या दहा-बारा चाली घडाघडा खेळून दाखवतात. पुस्तक हातात दिलं की मात्र त्यांची नजर ठळक टाइपातल्या चालींवरून भराभर खाली घसरते आणि दोन चालींमधला मजकूर तसाच राहतो. का, विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘मॅडम, ते इंग्लिश आहे.’

मी शाळेत इंग्रजी शिकवण्यात हयात घालवली आणि बुद्धिबळ त्याच्याही आधीपासून खेळते. त्या भरवशावर सांगते, हे शाळेतलं इंग्रजी नाहीच. इंग्रजी माध्यमाची मुलंही इथे तितकीच अडखळतात. ‘व्हाइट विन्स द एक्स्चेंज’ हे वाक्य घ्या. शब्दकोश म्हणतो, एक्स्चेंज म्हणजे अदलाबदल. आता अदलाबदल जिंकायची कशी? पटावर अर्थ एवढाच, की पांढऱ्याने आपला उंट किंवा घोडा देऊन समोरचा हत्ती घेतला. हत्तीचे पाच गुण, उंट-घोड्याचे तीन-तीन. तो दोन गुणांचा फरक म्हणजे ‘द एक्स्चेंज’. घोड्याला घोडा गेला तर तेही एक्स्चेंजच, पण आधीचं ‘द’ बदलून ‘अ‍ॅन’ होतं. आर्टिकलचं महत्त्व पटवायला याहून चांगलं उदाहरण मला पाठ्यपुस्तकात कधी मिळालं नाही.

‘कॉम्पेन्सेशन’ म्हटलं की आमच्या सांगली भागातल्या पोराला हायवेत गेलेल्या जमिनीचा मोबदला आठवतो. भाष्यकार मात्र एक प्यादं देऊन मिळवलेल्या वेळेबद्दल, मोकळ्या झालेल्या उभ्या पट्टीबद्दल, उघड्यावर आलेल्या राजाबद्दल बोलत असतो. ‘स्विंडल’ हा शब्द वाचून एका आईने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, की मुलांना हे काय शिकवता? तिला सांगितलं, की फ्रँक मार्शल या अमेरिकन खेळाडूच्या डावांचं पुस्तक १९१४ साली हाच शब्द नावात घेऊन निघालं. हरत आलेल्या डावात शेवटपर्यंत खाचखळगे पेरत राहायचं आणि समोरचा पाय घसरून पडला की वाचायचं, याला बुद्धिबळात फसवणूक म्हणत नाहीत. ती कमाई आहे.

सगळ्यांत लबाड वाक्य म्हणजे ‘द रेस्ट इज अ मॅटर ऑफ टेक्निक’, बाकी सगळा तंत्राचा भाग. भाष्यकाराला जेवायला जायचं होतं, असा त्याचा अर्थ मी मुलांना सांगते. कारण त्यापुढे अजून तीस चाली असतात आणि माझी मुलं नेमक्या त्याच तीस चालींत डाव घालवतात.

यावर पालकांचं म्हणणं असं, की आता एवढा खटाटोप कशाला? मोबाइलवर डाव तपासणारा स्टॉकफिश हा प्रोग्रॅम आहे, कोण किती वर आहे ते आकड्यात दिसतं. दिसतं खरं. पण आकडा ‘किती’ ते सांगतो, ‘का’ ते सांगत नाही. झुरिचच्या १९५३ सालच्या स्पर्धेत काळ्याकडून खेळणाऱ्या पेट्रोशियनने रेशेव्हस्कीविरुद्ध पंचविसाव्या चालीला आपला हत्ती ई६ वर नेऊन ठेवला, पांढऱ्या उंटाच्या तोंडात. गुणांचा हिशेब मांडला तर हा दोनाचा तोटा. कारण कळायला शब्दच लागतात: पांढऱ्याची मधली प्यादी पुढे सरकणार होती, ती अडवायची, आणि घोड्याला ई७ मार्गे डी५ वर आणून असा बसवायचा, की त्याला तिथून कुणी हुसकावू नये. डाव बरोबरीत सुटला. त्या स्पर्धेवरचं ब्रॉनस्टाइनचं पुस्तक लोक आजही विकत घेतात ते अशा मजकुरासाठी. नुसत्या चाली तर फुकट मिळतात.

डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीत गुकेशविरुद्धच्या शेवटच्या डावात डिंग लिरेनने पंचावन्नावी चाल हत्ती एफ२ अशी केली, तेव्हा कोण वर आहे ते दाखवणाऱ्या पडद्यावरच्या बारकडे बघणारी माझी मुलं ओरडली, ‘बार खाली गेला!’ बार का गेला, ते एकालाही सांगता येईना. डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. हत्तीला हत्ती गेल्यावर गुकेशने आपला उंट डी५ वर आणला, आणि कोपऱ्यातल्या उंटाला मारामारी टाळायला वाटच उरली नाही. राहिली नुसती प्यादी, आणि त्यात एक प्यादं कमी. भाष्यात याला ‘सिम्प्लिफाय’ करणं म्हणतात. कोशातला अर्थ ‘सोपं करणं’. डिंगसाठी ते सोपं झालं नाही.

शब्दांवाचून चालतं, असंही मला ऐकवलं जातं. बेलग्रेडचा ‘इन्फॉर्मेटर’ हा डावसंग्रह १९६६ पासून नुसत्या चिन्हांत डाव समजावतो, हे खरं. पण ‘भरपाई मिळाली’ याचं चिन्ह वाचायला भरपाई काय असते, ते आधी माहीत हवं. दुसरी सूचना येते ती मराठी प्रतिशब्द घडवण्याची. आपल्याकडे वजीर, उंट, शह, किल्लेकोट आहेत, ते सोडण्याचं कारण नाही. पण ‘झुग्झ्वांग’ इंग्रजीने जर्मनकडून तसाच उचलला, ‘एन पासां’ फ्रेंचकडून आणि ‘फियांकेटो’ इटालियनकडून. कुणी लाजलं नाही. आपणही उचलावा आणि समितीने कोश करण्याऐवजी प्रशिक्षकाने पट मांडून दाखवावा. जिथे कुठलीही चाल केली तरी नुकसानच आहे आणि चाल तर करायलाच हवी, अशी एक स्थिती मांडली की मुलांना झुग्झ्वांग दोन मिनिटांत कळतो.

माझी खरी तक्रार वर्तमानपत्रांकडे आहे. जुलै २०२५ मध्ये बाटुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला जलद टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला. मी वाचलेल्या बातम्यांत फोटो होते, अभिनंदनं होती, आईवडिलांचे अश्रू होते, डाव नव्हता. क्रिकेटच्या पानावर गुगली, यॉर्कर, सिली पॉइंट हे शब्द अर्थ न सांगता छापले गेले. छापत राहिल्यामुळेच आमच्या पिढीला ते कळले. माझ्या वडिलांना इंग्रजीतलं पत्र वाचता येत नव्हतं, पण लेग बिफोर का दिला यावर ते तासभर वाद घालत. बुद्धिबळाला तेवढी संधी कुणी दिलीच नाही.

रविवारी पाव पान पुरे. एक डाव, एक आकृती, चार-पाच चालींवर धड भाष्य, आणि त्यात हे शब्द न बुजता वापरायचे. डाव निवडून द्यायला मी तयार आहे, मानधन नको. आकृती मात्र तपासून छापा: दोन्ही खेळाडूंच्या उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर पांढरं असतं.