रंगाखालचे काम

दारात उभी असलेली जुनी मोटार इंजिनाने ठणठणीत असते. परंतु डिकीवरच्या स्पॉयलरचा उन्हाने उडालेला रंग तिचे वय चारचौघांत सांगून जातो. घरातील हौशी तरुण मग रंगाचा स्प्रे आणतो आणि तासाभरात काम उरकतो. थोड्याच दिवसांत तोच रंग सोलून निघतो, कारण रंगाखालचे काम राहून गेलेले असते.

स्पॉयलर ही मुळात शोभेची वस्तू नव्हे. छताच्या उतारावरून वेगाने वाहणारी हवा गाडीची मागची बाजू उचलू पाहते. ती उचल कमी करणे हे त्याचे प्रयोजन. १९७२ साली पोर्शे कंपनीने ९११ कॅरेरा आरएस २.७ या गाडीच्या पाठीला बदकाच्या शेपटीसारखा आकार दिला, तो याचसाठी. शहरातील वेगात हा लाभ जाणवत नाही. महामार्गावर मात्र वाऱ्याचा ताण स्पॉयलरला सोसावाच लागतो. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो.

रंगकामासाठी स्पॉयलर गाडीवरून उतरवावा. त्याच्या नटांपर्यंत सहसा डिकीच्या झाकणाच्या आतून हात पोचतो. दुहेरी चिकटपट्टी असल्यास ती हेअर ड्रायरने कोमट करून नायलॉनच्या दोऱ्याने कापावी. ब्रेकचा दिवा असल्यास त्याची तार आधी सोडवावी. साबणाने धुऊन, तेलकटपणा काढून, जुना रंग ३२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने घासावा. चिरा बॉडी फिलरने भराव्यात आणि सुकल्यावर सपाट कराव्यात. उघड्या प्लास्टिकवर प्लास्टिकसाठीचाच प्रायमर प्रथम लावावा. तो वगळला की पोपडे ठरलेले. त्यावर नेहमीचा प्रायमर मारून, तो सुकल्यावर ६०० क्रमांकाच्या पेपरने पाणी लावून घासावा. मग वीतभर अंतरावरून रंगाचे तीन-चार पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हातानंतर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. घाईने दिलेला जाड हात ओघळतो. अखेरीस लॅकर.

हार्डनर मिसळून वापरायच्या लॅकरमध्ये बहुधा आयसोसायनेट असते. त्याचे तुषार श्वासात गेल्यास दमा जडू शकतो. नाकाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. असे लॅकर कार्यशाळेवर सोपवावे. साधा स्प्रेही मोकळ्या जागी, वाफ रोखणारा मास्क लावून आणि मुलांना दूर ठेवूनच मारावा.

आकार बदलण्याची हौस मर्यादेत असावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने गाडीतील फेरफारांवर बंधने घातली आहेत. शिवाय फायबरचा जोड देऊन वाढवलेल्या पंखाचे वजन झाकणाला पेलावे लागते. झाकणाला नवे छिद्र पाडल्यास उघड्या पत्र्यावर गंजरोधक प्रायमर लावावा व रबरी वायसर बसवावा. नाहीतर पाणी डिकीत उतरते आणि गंज आतून पत्रा खातो.

स्पॉयलर परत बसवताना सर्व नट मूळ जागी आवळलेले असावेत; बोल्टांचे काम चिकटपट्टीवर सोपवू नये. ब्रेकचा दिवा लागतो का, हे दुसऱ्याला मागे उभे करून पाहावे. पहिल्या लांबच्या प्रवासानंतर नट पुन्हा तपासावेत. सुटलेला स्पॉयलर मालकाला लागत नाही. तो मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जातो.