कोयता एक, राबणारी दोघं



दसरा तोंडावर आला आहे. मजूर गोळा करणाऱ्या मुकादमांच्या चकरा सुरू झाल्यात. बऱ्याच घरांत उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, केव्हाच आली आणि कुणाच्या लग्नात, कुणाच्या दवाखान्यात खर्चूनही गेली. दिवाळी झाली की केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या वाड्यावस्त्यांवर घरोघर कुलपं लागतील. मागं राहतील म्हातारी माणसं आणि त्यांच्या ओटीत टाकलेली नातवंडं. गाडीत बोचकी चढवण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. उचलीच्या कागदावर तुमच्या घरातल्या बाईचं नाव आहे का?

नाही. कागदावर नवऱ्याचं नाव असतं आणि त्यापुढे ‘एक कोयता’. या धंद्यात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघं मिळून ऊस तोडतात. बाई पाचट काढते, मोळी बांधते, 30-40 किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. फडात जाण्याआधी पहाटे तीनला उठून तिनं भाकरी केलेल्या असतात, पाणी भरलेलं असतं. रात्री ट्रक आला तर पुन्हा उठून भरायचा. या सगळ्याचा हिशेब होतो तो कोयत्याच्या नावानं, आणि पैसे घेतो नवरा. आमचं म्हणणं एवढंच आहे की ऊसतोडीच्या गावांची निम्मी दुखणी या एका हिशेबातून निघाली आहेत.

गर्भाशयाचंच बघा. 2019 साली ऊसतोड बायांची गर्भाशयं काढल्याची बीड जिल्ह्याची बातमी देशभर गेली. सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांत 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. चाळिशीही न ओलांडलेल्या कितीतरी बाया त्यांत होत्या. त्यानंतर खासगी दवाखान्यांवर बंधनं आली, शस्त्रक्रियेआधी परवानगी घेण्याचा नियम आला. चांगलंच झालं. पण बाई त्या दवाखान्याच्या पायरीपर्यंत का गेली होती? पाळीच्या दिवसांत पोट धरून बसली तर कोयता बंद पडतो आणि खाडा लागतो. एकीच्या दुखण्यापायी दोघांची मजुरी जाते, वर दंड उचलीत चढतो. राहायच्या कोपीजवळ ना संडास, ना आडोसा, ना धड पाणी. अंगावर पांढरं जातं, दुखणं वाढतं, आणि ‘पिशवी काढून टाक, कटकट मिटेल’ असं सांगणारा कुणीतरी भेटतो. नियम डॉक्टरला लागला. खाडा मात्र जिथल्या तिथं आहे.

बालविवाहाचं मूळही इथंच सापडतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायांपैकी 40 टक्क्यांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. याला लोक अडाणीपणा म्हणतात, आणि तसं म्हणणाऱ्यांचा आम्हाला राग येतो. पोरगी चौदा-पंधराची झाली, आई-बापाला सहा महिने कारखान्यावर जायचंय, तिला कुणाच्या भरवशावर ठेवायची? आणि एकट्या पोराला कोण उचल देतो? लग्न लावलं की नवा कोयता उभा राहतो आणि नवी उचल मिळते. पोरीचं वय कोयता खाऊन टाकतो. ‘बेटी बचाओ’ची पाटी लावून हे थांबणार नाही.

आता कायद्याकडे वळू. शेतकऱ्याच्या उसाला 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाचं संरक्षण आहे: ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. शेतकऱ्यानं ते भांडून मिळवलं, त्याचा आम्हाला आनंद आहे. हमालांना 1969 साली माथाडी कायदा मिळाला. नोंदणी, मंडळ, भविष्य निर्वाह निधी, सगळं आलं. तोडणी यंत्र घेणाऱ्याला सरकारनं जास्तीत जास्त 35 लाखांपर्यंत अनुदान देऊ केलं. या सगळ्यांच्या मधोमध, हातात कोयता घेऊन उभ्या असलेल्या बाईसाठी काय आहे? जानेवारी 2024 च्या ऊसतोडीच्या करारात तोडणीचा दर 34 टक्के वाढला, मुकादमाचं कमिशन 20 टक्क्यांवर गेलं. ठरला तो टनाचा दर. त्या टनात बाईचा वाटा किती, हे कुठंही लिहिलेलं नाही.

काहीजण म्हणतील, बाईचं नाव वेगळं घातलं तर मुकादम उचलच देणार नाही, घरात भांडणं लागतील. या भीतीला आम्ही हसत नाही. उचलीवर चूल पेटते हे आम्हालाही ठाऊक आहे. पण हंगामात तोडणी थांबली तर कारखान्याची चाकं थांबतात, तोडलेला ऊस वाळतो, साखरेचा उतारा घसरतो. गरज दोन्ही बाजूंना आहे. एका घरानं मागितलं तर ते घर वगळतील. सगळ्या टोळीनं मागितलं तर टोळी वगळता येणार नाही. आणि ज्या घरात बाईच्या नावानं पैसे आले म्हणून भांडण होतं, त्या घरात ती आजवर फुकट राबत होती.

कुणी असंही सांगेल की उचल घेतली म्हणजे बोलायचा हक्क गेला. साफ खोटं. उचल फिटेस्तोवर माणसाला डांबून ठेवणं, त्याची जनावरं किंवा लेकरं अडकवून ठेवणं हा गुन्हा आहे. वेठबिगारीविरुद्धचा कायदा 1976 पासून या देशात आहे.

मग करायचं काय? 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला बायांनी जायचं. पुरुषांनी त्यांना पुढं बसवायचं. ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र देणं हे ग्रामसेवकाचं काम आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ त्यांच्यासाठीच काढलं आहे. ओळखपत्र नवऱ्याचं वेगळं, बायकोचं वेगळं मागा. मागं राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह दिवाळीनंतर दीड महिन्यानं नको, गाड्या निघण्याच्या आदल्या दिवशी सुरू करा, असा ठराव लिहून घ्या. त्या ठरावावर सह्या-अंगठे करा आणि नक्कल जवळ ठेवा.

कारखान्याकडे आणि सरकारकडे आमची मागणी अशी आहे: करार कारखान्यानं थेट मजुराशी करावा, लेखी करावा, त्यात दोघांची नावं असावीत. बाईची मजुरी बाईच्या खात्यात जमा व्हावी. दुखण्याचा, पाळीचा, बाळंतपणाचा खाडा बंद व्हावा. आणि माथाडींसारखा ऊसतोडीचा स्वतंत्र कायदा विधिमंडळानं करावा.

या वर्षी मुकादम कागद घेऊन येईल तेव्हा बाईनं चुलीपाशी थांबू नये. समोर येऊन बसावं, कागद वाचता येणाऱ्या पोराला किंवा पोरीला शेजारी बसवावं. त्यावर एकच नाव असेल तर अंगठा देऊ नका. दुसरं नाव तिथंच लिहून घ्या.