तार कुठली वापरताय, एवढं विचारा!



पावसाळ्यात नाव काठाला लागली की दुरुस्तीचं काम निघतं. झिजलेला शाफ्ट, विंचचा ड्रम, गंजलेलं सुकाणू घेऊन आपली माणसं बेळगावच्या उद्यमबागेत येतात. काही जण तर वेंगुर्ल्याहून आंबोली घाट चढून येतात. तिथं आर्क स्प्रे करून मिळतो. दोन तारांमध्ये विजेची ठिणगी पेटते, तारा वितळतात आणि हवेच्या दाबाने तो रस लोखंडावर बसतो. आपण विचारतो, किती पैसे आणि कधी मिळेल? तार कुठली, हे कोणी विचारत नाही. आम्हीही इतकी वर्षं विचारलं नाही.

झीज भरायला बहुतेक वेळा १३ टक्के क्रोमियमची स्टीलची तार लावतात. काम चांगलं होतं, हे मान्य. बसलेल्या थराचा आपल्याला त्रासही नाही. त्रास आहे तो धुराचा. क्रोमियम वितळताना धुरात त्याचं सहा-संयुजी रूप तयार होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते माणसाला कर्करोग करणारं म्हणून पहिल्या गटात टाकलंय. अमेरिकेत कामाच्या जागी त्याची मर्यादा एका घनमीटर हवेत फक्त ५ मायक्रोग्रॅम आहे. आणि बंदूक धरणारा पोरगा कोणाचा? निपाणी-हुक्केरीकडच्या आपल्यासारख्याच घरचा.

मग पर्याय काय? सुकाणू, चौकट, लोखंडी तळ यांना फक्त गंजापासून वाचवायचं असेल तर क्रोमियम लागतच नाही. हिडकलसारख्या गोड्या पाण्यात जस्त चालतं. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम, किंवा ८५ भाग जस्त आणि १५ भाग ॲल्युमिनियमची तार. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंड वाचवतं. शाफ्टच्या बेअरिंगच्या जागेला ॲल्युमिनियम ब्रॉन्झ बघा. पण ब्रॉन्झ लोखंडी तळावर मारू नका, खाऱ्या पाण्यात शेजारचं लोखंड लवकर खाल्लं जाईल. विंचच्या ड्रमसारख्या घासणाऱ्या भागासाठी बोरॉन-कार्बनवाल्या, बिनक्रोमियमच्या लोखंडी ताराही आता निघाल्यात.

कोणी म्हणेल, त्या तारा महाग आणि लगेच मिळत नाहीत. काही बाबतीत खरं आहे. म्हणूनच एकेकट्याने मागण्यापेक्षा सोसायटीमार्फत दहा-बारा जणांची कामं एकत्र द्यावीत, असं आमचं मत आहे. गिऱ्हाईक मागतंय म्हटल्यावर वर्कशॉपवाला तार आणतो.

आणि बिनक्रोमियम म्हणजे बिनधोक नव्हे. जस्ताच्या धुराने थंडी-ताप येतो, ॲल्युमिनियमची बारीक भुकटी पेट घेते. धूर ओढणारा पंखा, भुकटी गोळा करायची सोय आणि तोंडाला योग्य मास्क हवाच. रुमाल बांधून भागत नाही.

पुढच्या वेळी शाफ्ट टाकताना तारेचं नाव विचारा आणि बिलावर लिहून घ्या. नाव आपली आहे, तशी फुप्फुसंही आपल्याच पोरांची आहेत.