हृदयातला स्टेंट मूत्रमार्गात का चालत नाही?

‘स्टेंट’ हा शब्द आता जालना जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतही माहीत झाला आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली आणि हृदयाचा औषधलेपित स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. त्यामुळे लघवीचा मार्ग अरुंद झालेल्या रुग्णाच्या घरच्यांना साहजिकच प्रश्न पडतो : अशीच जाळी तिथे का बसवत नाहीत?

अपघातात कमरेचे हाड मोडणे, लघवीची नळी घालताना झालेली इजा किंवा जंतुसंसर्ग यांमुळे मूत्रमार्गाच्या आतल्या अस्तराला जखम होते. ती भरताना तिथे कडक ऊती तयार होतात आणि मार्ग आवळला जातो. लघवीची धार बारीक होते, जोर करावा लागतो, मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. दुर्लक्ष केले तर वारंवार संसर्ग होतो आणि शेवटी मूत्रपिंडांवरही ताण येतो.

मूत्रमार्गात स्टेंट बसवण्याचा प्रयोग नवा नाही. लंडनच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये असा धातूचा स्टेंट वापरल्याचे प्रसिद्ध केले होते. सुरुवातीला आशा वाटली. पण पुढे जाळीच्या छिद्रांतून ऊती वाढून मार्ग पुन्हा बंद होऊ लागला. काहींना वेदना होत, काहींच्या स्टेंटवर क्षार साचत आणि रुतलेला स्टेंट काढणे अवघड जाई. रक्तवाहिनीत स्टेंटवर पेशींचा पातळ थर चढतो आणि तो भिंतीचाच भाग बनतो. मूत्रमार्गात मात्र लघवीचा सतत संपर्क असतो, शिवाय बसता-उठता त्या भागावर दाब येतो.

यावर उपाय म्हणून पेशींची वाढ रोखणारे औषध हळूहळू सोडणाऱ्या स्टेंटचा विचार पुढे आला. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१८ मध्ये औषधयुक्त सूक्ष्म तंतूंचे आवरण असलेला स्टेंट कुत्र्यांच्या मूत्रमार्गात वापरला, तेव्हा ऊतींची वाढ कमी झाली. परंतु प्राण्यांवरील यश म्हणजे रुग्णासाठी तयार झालेला उपचार नव्हे.

याच तत्त्वावरचा औषधलेपित फुगा मात्र पुढे गेला आहे. तो मार्ग रुंद करतो, औषध भिंतीला लावतो आणि बाहेर काढला जातो. आत काहीच राहत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. १२७ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनंतर फुगा वापरलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के, तर नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के जणांचा मार्ग मोकळा होता. अमेरिकी तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत हा पर्याय आहे. पण तो पुन्हा उद्भवलेल्या, ३ सेंटिमीटरपेक्षा लहान अडथळ्यासाठी.

या आकड्यांतला दुसरा आकडा अधिक बोलका आहे. मार्ग नुसता रुंद करणे किंवा दुर्बिणीतून छेद देणे बहुतेकांना टिकाऊ ठरत नाही. तरीही तेच पुन्हा पुन्हा केले जाते. प्रत्येक वेळी नवी जखम होते, अडथळा लांबू शकतो आणि रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

टिकाऊ उपाय म्हणजे मूत्रमार्गाची पुनर्रचना. गालाच्या आतले अस्तर घेऊन नवा मार्ग तयार करण्याच्या शस्त्रक्रियेत पुण्याचे नाव जगभर आहे, डॉ. संजय कुलकर्णी यांची पद्धत ‘कुलकर्णी तंत्र’ म्हणूनच ओळखली जाते. मात्र त्यासाठी प्रशिक्षित मूत्ररोगतज्ज्ञ लागतो. जालन्याच्या रुग्णाला त्यासाठी सुमारे ६० किलोमीटरवरचे छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावे लागू शकते.

जालन्यात २०२४ मध्ये १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे लगेच मोठ्या शस्त्रक्रियांची अपेक्षा करणे घाईचे होईल. पण लघवीच्या धारेची तपासणी, मूत्रमार्गात औषध सोडून काढायचा एक्स-रे, लघवीची नळी नीट घालण्याचे कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण आणि अडथळा परतताच रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवण्याची व्यवस्था, एवढे झाले तरी अनेकांच्या फेऱ्या वाचतील.

रुग्णांनीही धार बारीक झाल्यास लाजून घरी बसू नये. एकदा मार्ग मोकळा करूनही त्रास परतला, तर पुन्हा तेच करण्याआधी पुनर्रचनेबद्दल विचारावे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खर्च मिळेल का, याची रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. नव्या स्टेंटची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही.