दुर्बिणीला न सापडलेले रक्त

मोताळ्याहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या सासूबाई 66 वर्षांच्या. वर्षभरात दोनदा हिमोग्लोबिन 6 वर आले, दोनदा रक्त चढवले. बुलढाण्यात तोंडावाटे दुर्बीण घालून पोट पाहिले, अकोल्यात खालून मोठे आतडे पाहिले. दोन्ही रिपोर्ट चांगले. आता घरात सगळे म्हणतात, वय झाले, रक्त कमी होणारच.

आम्हाला हे पटत नाही. रक्त कमी होते म्हणजे ते कुठेतरी जाते, नाहीतर तयार होत नाही. वरची दुर्बीण जठराच्या थोडी पुढे जाते, खालची मोठे आतडे संपते तिथे जेमतेम पोचते. मधले सुमारे 6 मीटर लहान आतडे न पाहिलेलेच राहते. पचनमार्गातून रक्त जाणाऱ्या शंभरातल्या पाच-दहा जणांचे रक्त तिथूनच जाते.

वयानुसार कारणे बदलतात. लहान मुलाला, विशेषतः मुलग्याला, दुखत नसताना लाल किंवा विटकरी शौच झाली तर जन्मापासून आतड्याला असलेली छोटी पिशवी (मेकेल) आठवावी. तरुणांत आतड्याचा टीबी, क्रोन्सचा आजार, क्वचित गाठ. शेतात अनवाणी राबणाऱ्यांना कोणत्याही वयात हूकवर्म. साठीनंतर आतड्याच्या अस्तरातल्या नाजूक, फुगलेल्या रक्तवाहिन्या झिरपतात. किडनीचा किंवा हृदयाच्या झडपेचा आजार असेल तर जास्तच.

पण पत्रात एक गोष्ट नाही. गुडघ्यांसाठी सासूबाई काय घेतात? डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी लहान आतड्यात जखमा होतात. सोबतची ॲसिडिटीची गोळी जठर सांभाळते, लहान आतडे नाही. सहरीला भरपेट खाऊन घेतली की बाधत नाही, हाही समजच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मात्र ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

पत्राच्या शेवटी या भगिनी सहज लिहितात, 'माझेही 8 आहे, पण ते पाळीमुळे.' असेलही. बहुतेक वेळा असतेच, आणि म्हणूनच बायकांचे पोट कोणी तपासत नाही. अंगावरून फार जात नसताना, लोहाच्या गोळ्या नीट घेऊनही रक्त वाढत नसेल, तर ताई, तुमचीही तपासणी हवी.

सासूबाईंसाठी पोटविकारतज्ज्ञ आधी वरची दुर्बीण पुन्हा करायला सांगतील. पहिल्या वेळी निसटलेले कधी कधी दुसऱ्यांदा दिसते. नाहीतर कॅमेऱ्याची कॅप्सूल असते. ती गिळायची, आठ-दहा तास ती आतून फोटो काढते आणि शौचावाटे बाहेर पडते. आतडे कुठे अरुंद झाल्याची शंका असेल तर ती अडकू शकते, म्हणून आधी सीटी स्कॅन करतात.

जाताना दोन्ही रिपोर्ट आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घ्या, मेडिकलवरून सुट्या आणलेल्याही. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते, त्याने घाबरू नका. मात्र ती डांबरासारखी चिकट असेल, चक्कर येत असेल, घाम सुटत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तरी.