उसाच्या पेशीतला हिशेब



शिवारात फिरताना एक प्रश्न नेहमी कानावर येतो. "साहेब, भाताच्या, ज्वारीच्या नव्या जाती सारख्या निघतात. मग उसाची एक जात काढायला दहा-बारा वर्षे का लागतात?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उसाच्या पेशीत दडले आहे.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुंडाळलेल्या धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात. आईबापांचे गुण त्यांच्यावाटे संततीत उतरतात. माणसात ती ४६, भातात २४, ज्वारीत २०. आपल्या रानातल्या उसात मात्र १०० ते १३०! एवढा पसारा कशामुळे?

कारण आजचा ऊस दोन घराण्यांचा आहे. एक घराणे जाड, रसाळ, गोड उसाचे. आपल्या वाडवडिलांनी लावलेला पुंड्या ऊस त्यातलाच. दुसरे घराणे नदीकाठी पांढरे तुरे मिरवणाऱ्या कांस या रानगवताचे. कोइमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झाले. तिथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी या दोघांचा संकर केला आणि १९१८ साली को २०५ ही जात शेतकऱ्यांच्या हाती आली.

पुंड्याच्या घराण्यात ८० गुणसूत्रे. कांसाच्या निरनिराळ्या वाणांत ती ४० पासून १२८ पर्यंत. पण ती किती-कितीच्या संचाने येतात, हे कोडे बरीच वर्षे सुटत नव्हते. ते सोडवले रायबोसोमच्या जनुकांनी.

रायबोसोम म्हणजे पेशीत प्रथिने तयार करणारा सूक्ष्म कण. गावाला गुऱ्हाळ, तसा पेशीला रायबोसोम. तो कसा उभारायचा याच्या सूचना गुणसूत्रावर एका ठराविक जागी असतात, आणि उसाच्या एका संचात अशी जागा एकच. शास्त्रज्ञ कोवळ्या मुळीचे टोक घेतात, त्या जागेला चमकणारा रंग चिकटवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके मोजतात. समुद्रातल्या शिंपल्यांची गुणसूत्रेही याच रीतीने तपासतात.

रात्री कारखान्याच्या तळावर उसाच्या बैलगाड्या उभ्या आहेत असे समजा. अंधारात गाड्या दिसत नाहीत, पण प्रत्येक गाडीखाली एक कंदील आहे. कंदील मोजले की गाड्या कळल्या. ८० मोळ्या आणि ८ कंदील, म्हणजे दर गाडीत १० मोळ्या. फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी १९९८ साली नेमके हेच केले. गोड उसाच्या ८० गुणसूत्रांत ८ ठिपके, म्हणजे संच १० चा. ६४ गुणसूत्रांच्या कांसातही ८ ठिपके, म्हणजे तिथे संच ८ चा. दोन्ही घराण्यांची मापेच वेगळी निघाली!

आता उसाचे बी धरताना काय घडत असेल पाहा. पहिल्याच संकरात गोड आई निम्मी नव्हे, तर आपली सगळी ८० गुणसूत्रे देते, रानटी बाप निम्मी देतो. पुढच्या पिढ्यांत या शंभरावर गुणसूत्रांची वाटणी दर वेळी निराळी होते. म्हणून उसाच्या तुऱ्यातल्या बियांपासून हजार रोपे केली, तर हजारही वेगळी निघतात. त्यांतून निवड करायची, लागण आणि खोडवा पाहायचा, रोगांची परीक्षा घ्यायची. दहा-बारा वर्षे जातात ती इथे. आजच्या उसात कांसाचा वाटा थोडाच, पण जोमदार खोडवा आणि रोगाशी झुंजण्याची ताकद त्यानेच दिली.

आपण मात्र बी पेरत नाही, टिपरी लावतो. टिपरीतून तोच ऊस जसाच्या तसा उगवतो. म्हणजे तुमच्या-माझ्या शिवारातला सगळा को ८६०३२ हा मुळात एकाच रोपाचा विस्तार आहे. एका रोगाला ते रोप बळी पडले, तर सारे शिवार बळी पडू शकते. एके काळी महाराष्ट्र गाजवणाऱ्या को ७४० ला काणीने पछाडले. उत्तर प्रदेशात २००९ साली आलेल्या को ०२३८ ने बहुतेक क्षेत्र व्यापले, आणि पुढे लाल कूज रोगाने तिथल्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणले.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, सगळे रान एकाच जातीखाली ठेवू नका. थोड्या क्षेत्रावर दुसरी शिफारस केलेली जात लावा. दोन, बेणे बेणेमळ्यातलेच, ९ ते ११ महिन्यांचे, निरोगी घ्या. खोडव्याचे बेणे वापरू नका आणि दर तीन वर्षांनी बेणे बदला. टिपरीतून गुण येतात, तसा रोगही येतो. तीन, ऊतिसंवर्धित रोपे म्हणजे नवी जात नव्हे. जात तीच, फक्त रोपे निरोगी. जुनेच बेणे नवे नाव देऊन चढ्या भावाने कोणी विकू लागला, तर आधी विद्यापीठाची शिफारस विचारा. कोल्हापुरातच ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. बाजाराला याल तेव्हा तिकडेही वाट वाकडी करा.

एका टिपरीवर वर्षा-दीड वर्षाचे घाम आणि पाणी लागते. ती निवडताना घाई नको.