विश्लेषण : वाळूत दडणारा मासा मोजायचा कसा?

जेमतेम वीतभर लांबीचा, चंदेरी सँडईल. उत्तर समुद्रातील या माशावरून ब्रिटन आणि युरोपीय महासंघ थेट लवादापुढे गेले. ब्रेक्झिटनंतरच्या व्यापार करारातील हा अशा प्रकारचा पहिलाच वाद. मात्र या माशांची नेमकी संख्या सांगणे मुळातच अवघड आहे.

वाद काय होता?

पफिन, किटिवेक यांसारख्या समुद्रपक्ष्यांची पिल्ले या माशावर वाढतात. डेन्मार्कच्या बोटी तोच मासा फिशमील आणि तेलासाठी पकडतात. २०२४ च्या हंगामाआधी ब्रिटनने उत्तर समुद्रातील इंग्लंडच्या हद्दीत आणि स्कॉटलंडच्या संपूर्ण हद्दीत त्याच्या मासेमारीवर बंदी घातली. महासंघाने आक्षेप घेतला. मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात लवादाने ब्रिटनची बाजू बहुतांशी मान्य केली. इंग्लंडपुरते मात्र बंदीच्या आर्थिक-सामाजिक परिणामांचा पुरेसा विचार झाला नाही, असे म्हटले. बंदी कायम राहिली.

मोजणी कठीण का?

नावात ‘ईल’ असला तरी हा वाम नव्हे. रात्री आणि जवळपास अख्खा हिवाळा तो भरड वाळूत गाडून घेतो. वसंतात दिवसा बाहेर येऊन प्लवक खातो. त्यामुळे नॉर्वेचे संशोधक एप्रिल-मेमध्ये, दिवसाउजेडी जहाजावरून ध्वनिलहरी सोडतात आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून थव्याचा अंदाज बांधतात. मच्छीमारांच्या ‘फिश फाइंडर’चेच हे अधिक काटेकोर रूप.

अडचण अशी, की हेरिंगसारख्या माशाच्या पोटात हवेची पिशवी असते आणि प्रतिध्वनी मुख्यतः तिच्यामुळेच खणखणीत येतो. सँडईलला ती नसते. त्याचा आवाज क्षीण. म्हणून ३८ ते २०० किलोहर्ट्झपर्यंतच्या वेगवेगळ्या लहरी एकाच वेळी वापरून, कोणत्या लहरीला किती उत्तर येते यावरून तो ओळखावा लागतो. खात्रीसाठी नमुन्याला जाळेही टाकतात.

आणि जे वाळूतच राहिले त्यांचे काय? तळाचा प्रतिध्वनी इतका जोरदार असतो, की त्यात गाडलेले मासे दिसतच नाहीत. डेन्मार्क याउलट हिवाळ्यात तळावरून ड्रेज, म्हणजे लोखंडी खरवडणी, ओढून वाळूतले मासे गोळा करतो. तिच्यातूनही बरेच निसटतात. पण एका पद्धतीला न दिसणारे दुसरीला थोडेफार सापडतात. त्यामुळे ‘यंदा सँडईल घटले’ असे ऐकल्यावर मोजणी कोणत्या ऋतूत आणि कशी झाली, हे विचारायलाच हवे. नॉर्वेत तर हंगामाच्या सुरुवातीचा तात्पुरता कोटा याच वसंतातल्या मोजणीनंतर बदलला जातो.